बिनमिरचीचे हात

माझ्या हातचा डबा आजवर कुणी परत पाठवला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या उन्हाळ्यात माझं डोकं का फिरलं होतं ते कळेल. सांगलीत कॉलेजच्या मागच्या गल्लीत आमची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, घराचीच पुढची खोली, दोन लांब बाकडी आणि आत स्टोव्हच्या भडक्यापुढं मी. तीस पोरं दोन वेळा जेवून जायची. ती पोरं परीक्षेत नापास झाली असतील, प्रेमात पडून रडली असतील, पण माझ्या भाकरीला एकानंही नाव ठेवलं नाही. ठेवायची छाती पण नव्हती म्हणा कुणाची.

नव्वदच्या पुढची वर्षं ती. कोपऱ्यावर एसटीडी बूथ नवीन आलेला, घरांवरनं केबलच्या वायरी लोंबत होत्या. मे महिन्यात पोरं आपापल्या गावाला जायची आणि खानावळ बंद पडायची. मग मी चटणीच्या ऑर्डरी घ्यायची. कांदा-लसूण चटणी! आमच्या सातारा-सांगलीकडं वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते, आणि माझी चटणी लोक पुण्याला न्यायचे. मिरच्यांची देठं खुडायची, उन्हात घालायच्या, कांदा-खोबरं-लसूण तळायचं, कांडपावरनं कुटून आणायचं आणि मग परातीत दोन्ही हातांनी खालीवर करायचं. महिनाभर माझे हात कोपरापर्यंत लाल असायचे. पहिले चार दिवस आग व्हायची, नंतर काही कळायचंच नाही.

अशाच एका सकाळी अंगणात मिरच्या पसरून बसले होते, तर दारात बाई उभ्या. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या रिटायर मुख्याध्यापिका. मूळच्या साताऱ्याच्या, दोन गल्ल्या पलीकडं एकट्याच राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"आवं बाई, हे काय करून घेतलंसा?" मी उठले.

"पडले. ते राहू दे. डबा लावायचाय."

बाई सरळ आत आल्या आणि बाकड्यावर बसल्या. समोर भिंतीवर आमची बुद्धाची तसबीर. ती बघून एखादं गिऱ्हाईक दारातनंच "बघतो, कळवतो" म्हणून जायचं आणि काही कळवायचं नाही. मी पण कधी कुणाच्या मागं लागले नाही. बाईंनी मात्र तसबीर बघितली, पंखा लाव म्हणाल्या आणि चहा मागून घेतला. मी मनात म्हटलं, या बाईचं काम जीव ओतून करायचं.

"एक येळचा का दोन येळचा?"

"दोन वेळचा. तीन डबे. एक माझा आणि दोन त्यांचे."

"पावणं आल्यात व्हय?"

"कुत्री आहेत माझी. दोन. लहान आहेत."

मी हसले. मोठ्यानं हसले, कारण मला वाटलं बाई गंमत करतायत. बाई हसल्या नाहीत. मग मी तोंडावर पदर धरला.

बाईंची ती दोन पॉमेरियन मी येताजाता बघितली होती. एक पांढरं, एक बिस्किटाच्या रंगाचं. तळहातावर मावायची नाहीत, पण पिशवीत आरामात बसतील एवढी. वयानं म्हातारी, तोंडात दात असून नसल्यासारखे. बाई त्यांना रोज ताजं शिजवून घालायच्या. स्वतः अंडं खायच्या नाहीत, पण न्हाणीजवळ एक वेगळा स्टोव्ह ठेवला होता, त्यावर त्या दोघांची अंडी उकडायची. मऊ भात, त्यात उकडलेला लाल भोपळा, गाजर, अंडं, सगळं हातानं कुस्करून लोण्यासारखं करायचं. चमच्यानं गाठी राहतात आणि गाठ लागली की ही दोघं ताट सोडून जातात, असं बाई म्हणाल्या.

"मग डाव्या हातानं कालवा की."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझी शाळा आठवली. "डाव्या हातानं कालवलेलं अन्न मी आजवर कुणाच्या पुढ्यात ठेवलेलं नाही. त्यांच्या तर नाहीच नाही."

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. बाई पडल्या त्या या दोघांच्या पट्ट्यात पाय अडकून. साताऱ्याला त्यांची एकुलती एक मुलगी, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिनं फोनवर बजावलं होतं, दहा दिवसांनी रविवारी येते, घरातलं नीट चाललेलं दिसलं नाही तर तुला साताऱ्याला घेऊन जाणार. तिच्या क्वार्टरात जनावर ठेवायला बंदी. ती दोघं जाणार शिराळ्याला, तिच्या दिरांच्या मळ्यावर.

"मळ्यावर ही दोन दिवस टिकायची नाहीत," बाई म्हणाल्या, आणि चहाची बशी खाली ठेवली. "ती रविवारी येईल तेव्हा ही नीट जेवताना दिसली पाहिजेत. बास. एवढंच काम आहे तुझं."

"एवढंच ना? बगा तुमी, ताट चाटून फुसून ठेवत्यात का न्हाई."

काय सांगू, माझी जीभ अशीच पुढं पुढं धावते.

सूचना ऐकताना मात्र माझा जीव घुसमटायला लागला. मीठ नाही. तिखट नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्यांच्या अंगाला बाधतं. फोडणी नाही.

"मग त्यात ऱ्हायलं काय वो?"

"भात राहिला," बाई म्हणाल्या.

आता मला सांगा, उभा जन्म मी फोडणीवर काढला. तेल तापलं, मोहरी तडतडली की मगच स्वयंपाक सुरू झाला असं मला वाटतं. ते पांढरंफटक पातेलं बघून मला त्या जिवांची दया आली. म्हटलं, बाईंना काय कळतंय, एवढीशी फोडणी कुणाला बाधत नाही. चिमूटभर जिरं, लसणाची अर्धी पाकळी, पार जाळून बाजूला काढलेली. पहिल्या दिवशी दोन्ही छोटे डबे जसे गेले तसे परत आले. वर बाईंची चिठ्ठी, डाव्या हातानं लिहिलेली तरी सुंदर अक्षरात: "लसूण."

आमचे हे बाकड्यावर पेपर वाचत होते. मिलिटरीत ड्रायव्हर होते, रिटायर होऊन कारखान्याच्या गेटवर लागलेले. मिशा अजून मिलिटरीतल्याच. चिठ्ठी वाचून त्या मिशा हलायला लागल्या.

"रिजेक्ट! कुत्र्यानं रिजेक्ट केला तुझा डबा!"

"गप बसा."

"आर्मीत कर्नलसायबाच्या कुत्र्याला बी एवढी सरबराई न्हवती. आन् हितं नवऱ्याला कालची आमटी."

दुसऱ्या दिवसापासून मी इमानदारीत केलं. फोडणी नाही, मीठ नाही, चव नाही. भात दोनदा शिजवला, भोपळा किसून उकडला, अंडं कुस्करलं, सगळं हातानं एकजीव केलं. कालवताना मी मन लावलं, खोटं नाही सांगत. परत! तिसऱ्या दिवशी भाताला तुपाचा हात लावला. परत. चौथ्या दिवशी डबा देऊन मी माघारी फिरले नाही, समोरच बसले. पांढरं आलं, डब्यात नाक घातलं, डोकं झटकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसलं. बिस्किटी तर तिथनंच माघारी फिरलं. मला असा राग आला, तीस पोरांना वाढणारी बाई मी, आणि ही मूठभर लोकर माझ्याकडं पाठ करून बसते!

"मग खात्यात तरी काय ही?"

"दूध आणि ग्लुकोजची बिस्किटं," बाई म्हणाल्या. आवाज पार खोल गेलेला. "जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, म्हशीचं असतं तर सांगितलं असतं."

बाईंचा डबा मात्र रोज लख्ख होऊन यायचा. भाकरी, वांग्याचं कालवण, बाजूला माझी चटणी. शीतसुद्धा शिल्लक नाही, वर धुऊन पुसून. निदान माणसाला तरी माझ्या हातची कदर आहे, असं मी यांना ऐकवायची. बाईंच्या फाटकापाशी एक तांबडं गावठी कुत्रं पडलेलं असायचं. पहिल्या दिवशी त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. आठवड्याभरात ते माझ्यावर इतकं खूश झालं की मी गल्लीच्या तोंडाशी आले की धावत यायचं, पायात घोटाळायचं, डब्याबरोबर फाटकापर्यंत पोचवायला यायचं. अंगावर चकाकी पण आलेली. मला आपलं वाटायचं, मुक्या जिवाला चांगलं माणूस ओळखू येतं.

मधेच वैशाखी पौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्याकडं खीर असते. सकाळी आंघोळ करून मोठ्या पातेल्यात खीर केली, डावानं ढवळली, वाटीभर बाईंना घेऊन गेले. झाकण उघडते न उघडते तोच ती दोन्ही लोकरीची गाठोडी माझ्या गुडघ्यावर पाय देऊन उभी! बाईंनी बशीत दोन चमचे घातले. चट् चट् चट्, बशी साफ. मी आनंदानं अशी ओरडले की शेजारची बाई भिंतीवरनं डोकावली.

"ग्वाड पायजे व्हय रं लबाडांनू! आदी सांगायचं न्हाई का!"

बाईंनीही त्या दिवशी माझ्यासमोर खीर खाल्ली, वाटी पुसून खाल्ली आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी भातात गूळ घालून, तळहातानं घोटून घोटून, देवाला ठेवावा असा गोळा नेला. पांढऱ्यानं नाक लावलं आणि शिंकून निघून गेलं.

घरी येऊन मी डबा आपटला. हे काहीतरी बोलणार होते, पण माझं तोंड बघून पेपर वर घेतला.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मुलगी येणार. दुपारनंतर वळवाचं वारं सुटलं, रस्त्यावरची धूळ घराघरात शिरली. मी डबा घेऊन गेले तर बाई ओट्यावर, डाव्या काखेत पांढरं, मांडीवर बिस्किटी, बाईंचा एक डोळा गच्च मिटलेला.

"डोळ्यात काहीतरी गेलंय गं. बघ जरा, मला हात नाहीये."

मी डबा ठेवला, वाकले आणि बोटानं पापणी वर केली.

बाई किंचाळल्या! मुख्याध्यापिका बाई, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं शाळा चिडीचूप व्हायची, त्या ओट्यावर पाय आपटत होत्या. दोन्ही कुत्री भुंकायला लागली, फाटकातनं तांबडंही भुंकायला लागलं.

"मेले, हाताला काय लावून आलीस!"

"काय न्हाई वो! साबनानं धुतल्यात! दोनदा!"

मी तांब्याभर पाणी आणलं, बाईंनी डोळ्यावर हबके मारले. मी आपलं बोट जिभेला लावून बघितलं. मग दुसरं लावलं. जिभेच्या शेंड्याला चुरचुर झाली. बोटाला मात्र काहीच कळत नव्हतं. महिनाभर मिरच्या खुडून, चटणी कालवून ते तिखट माझ्या कातड्यातच मुरलं होतं. मी ते बोट हळूच पांढऱ्याच्या नाकापाशी नेलं. ते शिंकलं. परत शिंकलं. सात शिंका दिल्या त्यानं, आणि शेवटच्या शिंकेनंतर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही म्हणतंय, हे तुला सांगायला मला आठ दिवस लागले.

बाई एका लाल डोळ्यानं बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. आणि मग आम्ही दोघी जे हसत सुटलो! बाईंच्या डोळ्यातनं पाणी, माझ्या पोटात कळ. आठ दिवस मी मीठ, फोडणी, गूळ यांच्या मागं लागले होते, आणि तिखट घेऊन येत होते ते माझ्या दहा बोटांत. खिरीला तेवढा नुसता डाव लागला होता.

हसणं थांबलं तसं ध्यानात आलं. उद्या रविवार. घरी येऊन मी हात दह्यानं धुतले, लिंबानं धुतले, बेसनानं घासले. रॉकेलनं धुतले, मग रॉकेलचा वास जाईना म्हणून शिकेकाईनं धुतले. सकाळी बोट जिभेला लावलं, तीच चुरचुर. मग रवी घेतली आणि भात ताकासारखा घुसळला. त्याची अशी खळ झाली की तिनं पतंग चिकटवावेत. गल्लीतल्या बायकांना हाक मारावी तर त्या सगळ्या माझ्याच अंगणात मिरच्या खुडायला बसलेल्या. अख्ख्या गल्लीत बिनमिरचीचा हात सापडेना.

हे बाकड्यावर बसून पेपर वाचत होते. सुट्टीचा दिवस, दाढी केलेली. पेपर धरलेल्या त्या दोन हातांवर माझी नजर गेली, आणि तिथंच थांबली. वीस वर्षांच्या संसारात त्या हातांनी मिरचीचं देठ खुडलं नव्हतं, कांद्याचं साल काढलं नव्हतं, पातेल्याचं झाकण उचलून आत काय आहे बघितलं नव्हतं. त्यावरनं मी वीस वर्षं भांडत आले होते. आज ते हात मला सोन्याचे दिसले.

"उटा."

"कुटं?"

"कुत्र्यांचा भात कालवायला."

"मी?" पेपर खाली आला. "मिलिटरीतला रिटायर हवालदार मानूस मी. कारखान्यात काय तोंड दाखवू?"

"कारखान्याला कोन सांगतंय? उटा म्हनते न्हवं! त्या बाईंची कुत्री आज जातील शिराळ्याला, आन् बाई साताऱ्याला. मग मला हितं तोंड दाखवाय जागा ऱ्हानार न्हाई."

यांनी माझ्याकडं बघितलं. मग उठले, मोरीवर गेले आणि बाह्या दुमडून साबण लावायला लागले. आपणहून दोनदा लावला.

सायकलच्या कॅरिअरला नव्यानं शिजवलेल्या भाताचं पातेलं, हँडलला बाईंच्या डब्याची पिशवी, असे आम्ही निघालो. फाटकापाशी जीप उभी होती. मुलगी येऊन पोचली होती. ओट्यावर बाईंची बॅग आणि त्या दोघांसाठी झाकणाची वेताची टोपली.

मुलगी साधी, चांगली बाई होती, पण डोळ्याला धार. "आई, काय ही तब्येत! गळ्याची हाडं वर आलीत," ती म्हणत होती. मग माझ्याकडं वळली. "डबा तुम्हीच देता ना? काय देता काय डब्यात?"

झालं. माझ्या हातच्या जेवणावर बोट! "काय देतो ते आयला इचारा तुमच्या," मी म्हटलं. "रोज डबा घासून फुसून माघारी येतोय. शीत ऱ्हात न्हाई त्यात!"

असं म्हणून मी पिशवीतनं डबा काढून ओट्यावर ठेवला. कड्यांचा खणखण आवाज झाला मात्र, तांबडं फाटकाखालनं सरपटत आत आलं, ओट्यावर चढलं, डब्यासमोर रोजच्या सरावानं बसलं आणि पुढचा उजवा पाय वर केला. काय तब्येत झाली होती त्याची! मुलगी बघत राहिली. हे बघत राहिले. मी बाईंकडं बघितलं. बाई खाली फरशीकडं बघत होत्या.

राग मागनं आला, आधी ते जुनं दुखणंच वर आलं, "बघतो, कळवतो"वालं. मी म्हटलं, "बाई, माज्या हातचं चालत न्हवतं तर आदी सांगायचं. मी काय नवीन न्हाई याला. पर चा पिऊन गेलासा आन् वर अशी फसवणूक?"

"नाही गं बाई!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की तांबड्यानं पाय खाली घेतला. "खीर खाल्ली नाही का तुझ्यापुढं? त्या दिवशी ही दोघं जेवली, म्हणून मीही जेवले. यांच्या पोटात काही नसताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही. दहा वर्षांत कधी यांच्याआधी जेवले नाही मी. यांनी दोन बिस्किटं खाल्ली की मी दोन बिस्किटं खायची. डबा तसाच परत धाडला असता तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून त्याला घातला."

दहा दिवस तिथं तीन जीव बिस्किटांवर होते आणि मी तांबड्याला बाळसं चढवत होते.

"संपलं," मुलगी म्हणाली. "आई, तू माझ्याबरोबर चल. कुत्र्यांपायी उपाशी राहणारी आई मी इथं सोडून जाणार नाही."

"मॅडम, एक मिनट."

हे बोलले. मी वळून बघितलं तर हे ओट्याच्या कोपऱ्यात मांडी घालून बसलेले, पुढ्यात परात, कोपरापर्यंत बाह्या वर. आमचं भांडण चाललं होतं तेव्हा यांनी भात परातीत काढला होता, भोपळा, गाजर, अंडं घातलं होतं आणि कुणाचं काही न ऐकता खाली मान घालून कुस्करत होते. एकेक गाठ दोन बोटांत धरून मोडत होते. ते बघून मला हसू पण येईना. मग दोन छोट्या ताटल्या भरल्या आणि कडक आवाजात म्हणाले, "चलो जवान, खाना लग गया."

बिस्किटी आधी आलं. नाक लावलं. थांबलं. बाईंनी माझा दंड धरला. त्यानं जीभ लावली, मग तोंडच घातलं. पांढरं धावत आलं आणि आपली ताटली सोडून त्याच्याच ताटलीत घुसलं! दोघं गुरगुरत, मिशांना भात लावत, ताटली फरशीवर ढकलत ढकलत पार ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली. हे मागनं रांगत, "आस्ते! आस्ते! राशन लय हाय!" मुलगी हसायला लागली. तोंडावर हात धरून आधी, मग नुसतीच.

बाई खाली फरशीवर बसल्या. पाट नाही, काही नाही.

"वाढ मला," म्हणाल्या. "आणि चटणी घाल. जास्त घाल."

डबा यांच्या पुढ्यात सरकवून मी म्हटलं, "वाडा तुमीच. माजे हात नगंत आज." यांनी हात धुऊन वाढलं. बाईंनी डाव्या हातात चमचा घेतला आणि त्यानं भाकरी कालवणात ढकलली. मुलगी शेजारी बसली आणि तिनं चमचा काढून घेऊन आईला हातानं घास दिला. एक भाकरी गेली, दुसरी निम्मी गेली. चटणीनं बाईंच्या नाकातनं पाणी, तरी "आणखी" म्हणतायत. मुलीनं ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, "गाडी सावलीत लाव. आणि ती बॅग आत ठेव." संध्याकाळी ती एकटीच साताऱ्याला गेली. टोपली पण इथंच ठेवून गेली.

जेवण चाललं होतं तोवर तांबडं आमच्याकडं बघत बसलं होतं, आपला डबा लुटला जात असल्यासारखं. त्याला मी उरलेली अर्धी भाकरी टाकली.

जेवता जेवता बाईंनी मुलीचा हात थांबवला. "तू जेवलीस का गं?"

"माजं काय वो. मी मागनं जेवीन घरला गेल्यावर."

"मी विचारलं, जेवलीस का?"

खानावळ चालवून मला बारा वर्षं झाली होती. तीस पोरं, नवरा, आलागेला. सगळ्यांचं झालं की मी पातेल्याच्या तळाचं खरवडून स्टोव्हपाशी उभ्यानं खायची. तू जेवलीस का, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची गोष्ट आहे हे मलाही माहीत नव्हतं. बाईंनी डाव्या हातानं शेजारची फरशी थोपटली. मी बसले.

डबा तर संपलेला. यांनी इकडंतिकडं बघितलं, परातीतला राहिलेला भात परत एकदा बोटांनी मऊ केला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. मीठ नाही, तिखट नाही, फोडणी नाही. मी सगळा खाल्ला. मीठसुद्धा मागितलं नाही.